सदिश चित्रण, वेब पृष्ठांवरील

रेषा, वक्र, वर्तुळ, बहुभुज इ. भौमितिक आकारांच्या गणितीय वर्णनावरून वेब पृष्ठावर चित्र उमटविण्याच्या पद्धतीस सदिश चित्रण म्हणतात. बिंदुचित्रात प्रत्येक चित्रबिंदूचा रंग साठविलेला असतो. १०० × १०० चित्रबिंदूंच्या चौकोनात वर्तुळ काढावयाचे झाल्यास, संक्षेपण न केलेल्या बिंदुचित्रात १०,००० नोंदी येतात. सदिश चित्रास केंद्राचे दोन सहनिर्देशक, त्रिज्या व रंग एवढी माहिती पुरते. बिंदुचित्र लांबी-रुंदीने चौपट केले की, एकेका बिंदूच्या जागी सोळा बिंदू येऊन कडा दातेरी दिसतात. सदिश चित्र मात्र इष्ट आकारमानासाठी नव्याने रेखाटले जाते. नकाशे, आलेख, आराखडे व बोधचिन्हे यांना ही पद्धत विशेष सोयीची असून छायाचित्रांना ती निरुपयोगी आहे.

पूर्वेतिहास : संगणकाच्या पडद्यावर भौमितिक आकार रेखाटून त्यांत फेरफार करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न आयव्हन सदरलँड (१९३८–  ) यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत केला. त्यांची ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली १९६३ सालची होय. वक्रांचे गणित मात्र फ्रेंच मोटार-कारखान्यांतून आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो व रनॉमध्ये प्येर बेझ्ये (१९१०–९९) यांनी मोटारींच्या पत्र्यांचे आकार वर्णिण्यासाठी काही थोड्या नियंत्रक बिंदूंवरून वक्र ठरविण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढली. कास्तेल्झो यांचे काम आधीचे असूनही ते कारखान्याबाहेर प्रसिद्ध न झाल्यामुळे वक्रांना बेझ्ये यांचे नाव मिळाले. अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णन भाषेने (१९८४) हेच वक्र मुद्रणव्यवसायात रुजविले.

प्रमाणाचा प्रश्न : प्रारंभीच्या वेब पृष्ठांवर केवळ बिंदुचित्रे घालता येत. १९९८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संघटनेपुढे सदिश चित्रांसाठी परस्परस्पर्धी प्रस्ताव आले. अडोबी, आयबीएम, नेटस्केप व सन यांनी पीजीएमएल, तर मायक्रोसॉफ्ट, मॅक्रोमीडिया व त्यांच्या सहकारी कंपन्यांनी व्हीएमएल ही भाषा सुचविली. संघटनेने दोन्ही बाजूला ठेवून ‘स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स’ (एसव्हीजी) ही नवी भाषा सिद्ध केली आणि सप्टेंबर २००१ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून शिफारशिली. परंतु मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोअररच्या पाचव्या आवृत्तीत (१९९९) व्हीएमएलचा अंतर्भाव आधीच झालेला होता, आणि एसव्हीजी त्यात पुढे बारा वर्षे आली नाही. अडोबीचे एक जोड-उपकरण घेऊन ही उणीव भरता येई; त्याचे साहाय्यही २००९ च्या प्रारंभी बंद झाले. दरम्यान फायरफॉक्स, ऑपेरा व सफारी या ब्राउझरांनी २००५ ते २००७ या काळात एसव्हीजी स्वीकारली. परिणामी, एकच चित्र दोन भाषांत लिहावे, अथवा फ्लॅशसारख्या खाजगी मालकीच्या माध्यमाचा आश्रय घ्यावा, असा पेच पृष्ठकारांपुढे उभा राहिला. बहुतेकांनी फ्लॅश पत्करले.

राफाएल : हा पेच सोडविणाऱ्या लायब्रऱ्यांत दिमित्री बारानोव्हस्की यांची राफाएल (२००८) ही सर्वांत यशस्वी ठरली. लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या कार्यांसाठी अगोदर लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संच. पृष्ठकाराने ‘अमुक ठिकाणी वर्तुळ काढ’ एवढेच सांगावयाचे; समोरचा ब्राउझर कोणता हे तपासून राफाएल एसव्हीजीचा किंवा व्हीएमएलचा घटक निर्माण करी. हे भाषांतर वरवर वाटते तितके सरळ नव्हते. व्हीएमएलच्या मार्गवर्णनात पूर्णांकच चालत. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत सहनिर्देशकांना २१,६०० ने गुणून अपूर्णांकांची सूक्ष्मता राखली जाई. एसव्हीजीतील लंबवर्तुळाकार कंस व्हीएमएलमध्ये तसेच नेता येत नसत. ते बेझ्ये वक्रांच्या तुकड्यांत रूपांतरित करावे लागत. दोन्ही भाषांना झेपेल तेवढेच राफाएलने देऊ केले. त्यामुळे एसव्हीजीतील आच्छादन, आकृतिबंधयुक्त भरण, घटकांचे गट यांसारख्या सोयी तिच्यातून मिळत नसत किंवा अपुऱ्या मिळत. सर्वत्र चालण्याची ही किंमत होती, आणि त्या काळी ती रास्तच म्हटली पाहिजे.

अक्षरांच्या बाबतीत मात्र राफाएलची एक सोय भारतीय लिप्यांना प्रतिकूल ठरणारी होती. साध्या मजकुराखेरीज टंकातील अक्षरांच्या बाह्यरेषा घेऊन मजकूर आकृतिरूपाने उमटविण्याची व्यवस्था तिच्यात होती. ही व्यवस्था एकेका वर्णाची आकृती एकापुढे एक मांडत जाई. रोमन लिपीस ते पुरते. देवनागरीत ‘कि’ या अक्षरातील वेलांटी साठवणीत ‘क’ नंतर, पण लेखनात त्याच्या आधी येते आणि ‘क्ष’, ‘त्र’ या जोडाक्षरांना स्वतंत्र आकृती लागतात. हा विचार अशा मांडणीत बसत नाही. एसव्हीजीच्या मजकूर-घटकात ही जुळणी ब्राउझर स्वतःच करीत असल्याने तेथे मराठी शुद्ध उमटते, शिवाय ते शोधता व निवडता येते.

मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोअररच्या नवव्या आवृत्तीने एसव्हीजी स्वीकारली व राफाएलच्या दुभाषीपणाची गरज ओसरू लागली. तिच्या कर्त्यानेच अडोबीमध्ये असताना स्नॅप ही लायब्ररी (२०१३) केवळ एसव्हीजीसाठी लिहिली; आच्छादने व गट तिच्यात आले, जुन्या ब्राउझरांचा भार गेला. त्याआधी स्टॅनफर्ड विद्यापीठात माइक बोस्टॉक, व्हादिम ओगिएव्हेत्स्की व जेफ्री हीअर यांनी डी-थ्री (२०११) सिद्ध केली होती. तिचा दृष्टिकोन निराळा आहे : ती स्वतःचे आकार पुरविण्यापेक्षा आकडेवारीतील प्रत्येक नोंद पृष्ठावरील एकेका घटकाशी जोडते, नोंद बदलली की घटकाची उंची, स्थान वा रंग बदलतो. वृत्तपत्रांतील परस्परसंवादी आलेखांत तिचा मोठा वापर झाला. मात्र हजारो घटक एकाच वेळी हलवावयाचे असल्यास एसव्हीजी मंदावते व ॲपलने २००४ साली आणलेला ‘कॅनव्हास’ हा बिंदुचित्रीय घटक अधिक सोयीचा ठरतो.

फ्लॅशचे साहाय्य अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबविले. त्यातील असंख्य आलेख व नकाशे त्यानंतर सामान्य ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. राफाएलने काढलेली चित्रे, त्यांचे अंतिम रूप एसव्हीजीच असल्याने, अद्याप उघडतात.