एक ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन

आमच्या भागात मराठी आणि कानडी माणसे पुष्कळ गोष्टींना वेगवेगळी नावे देतात. पण 'क्षय' हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे आणि दोन्ही घरांत तो सारखाच टाळला जाई. माझे धाकटे काका १९५३ साली आजारी पडले तेव्हा आजी शेजारणीला 'छातीचं दुखणं' एवढेच सांगे. शेजारीण समजायचे ते समजली आणि तिची मुले आमच्या अंगणात यायची बंद झाली. काका तेव्हा बावीस वर्षांचे होते. ठरत आलेले लग्न मोडले. औषधासाठी आजोबांनी माळावरचा जमिनीचा तुकडा विकला.

चौदा महिन्यांनी काका आरोग्यधामातून परत आले. अंगावर मूठभर मांस चढले होते, खोकला गेला होता. पण दिवेलागणीनंतर ते भिंतीला हात लावल्याशिवाय चालू शकत नसत. डोळे मिटून तोंड धुवायला वाकले की तोल जाई. पाखरांचा आवाज आपल्याला येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले ते आणखी वर्षभराने. तिकडे त्यांना कित्येक महिने रोज एक ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन दिले जात होते आणि जोडीला 'पास' नावाच्या औषधाच्या पुड्या. या पुड्यांनी पोट कसे ढवळून निघे, ते काका जन्मभर सांगत. इंजेक्शनाविषयी मात्र त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्या इंजेक्शनाची हकीकत मी पुढे सवडीने वाचत गेलो.

पेनिसिलीन क्षयावर चालत नाही. जीवाणू आपल्या पेशीभोवती जी भिंत बांधतो तिचे बांधकाम पेनिसिलीन अडवते. भिंत कच्ची राहिली की जीवाणू फुटतो. क्षयाच्या जंतूपाशी मात्र पेनिसिलीन मोडून टाकणारे विकर असते, शिवाय अंगावर मेणासारखे चिवट कवच. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीनचा जयजयकार चालू असताना क्षयाचे रोगी पूर्वीसारखेच मरत होते.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे जाणकार होते. त्यांचा अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करी, कित्येक रात्री तिथेच झोपे. १९४३ च्या ऑक्टोबरात त्याला एका सूक्ष्मजीवाचे दोन वाण मिळाले. एक खतावलेल्या शेताच्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातला! त्यांच्यापासून निघालेल्या द्रव्याने क्षयाचे जंतू वाढेनासे झाले. पुढे श्रेय आणि पैसा यांवरून गुरु-शिष्य कोर्टात गेले. १९५० साली तडजोड झाली आणि शॅट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. तरी १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले. गुरुऋण आपल्याकडे फार मानतात, पण या प्रकरणात माझे मन शिष्याच्या बाजूला झुकते.

औषध खरेच गुणकारी आहे का, हे ब्रिटनमध्ये ठरले आणि ते ज्या रीतीने ठरले ती रीत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती, औषध थोडेच आले होते. सर्वांना पुरणार नव्हते. मग ते कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, बंद लिफाफ्यांतून ठरवले गेले. पंचावन्न रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन व विश्रांती, बावन्न जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. आज कोणतेही नवे औषध अशाच कसोटीतून जाते.

पण त्याच अहवालात दोन अशुभ गोष्टीही होत्या. औषध घेणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना घेरी येऊ लागली होती. आणि बहुतेकांच्या थुंकीतले जंतू काही महिन्यांत औषधाला दाद देईनासे झाले होते. लिहितो वाचतो त्यांना परिचित असलेला जॉर्ज ऑर्वेल याचीही हीच कथा. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या या लेखकासाठी १९४८ साली अमेरिकेहून औषध मागवण्यात आले. त्याच्या अंगावर पुरळ उठले, तोंडात व्रण झाले, केस आणि नखे गळू लागली. शेवटी औषध थांबवावे लागले. उरलेले दुसऱ्या रोग्यांना दिले गेले. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत वारला.

एकट्या औषधाने जंतू निर्ढावतात, म्हणून जोडीला दुसरे द्यायचे, हे कळल्यावर 'पास'च्या पुड्या आल्या. काकांच्या पोटातल्या ढवळाढवळीचे कारण हे.

मग कानाचे काय? याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले, आणि त्यात एका मराठी वस्तीच्या शहराचा दूरचा संबंध आहे. वडोदऱ्यात वाढलेले, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर वेंकटरामन रामकृष्णन यांनी जीवाणूच्या पेशीतल्या रायबोसोमचा, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या कारखान्याचा, आराखडा उलगडला. त्यांच्या गटाने २००० साली स्ट्रेप्टोमायसिन त्या कारखान्यात नेमके कुठे जाऊन बसते तेही दाखवले. २००९ च्या नोबेलचे ते एक मानकरी. मोडी लिपीतला कागद वाचणाऱ्या कारकुनाचा चष्मा कोणी बदलून टाकला तर तो 'दिले' च्या जागी 'घेतले' वाचील आणि हिशेब बुडवील. स्ट्रेप्टोमायसिन तेच करते. जीवाणू आपलाच मजकूर चुकीचा वाचतो, चुकीची प्रथिने बनवतो आणि मरतो.

आपल्या पेशींतले रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून आपण वाचतो. पण आपल्या पेशींच्या आत ऊर्जा तयार करणारी जी तंतुकणिका असते, तिचा स्वतःचा लहानसा रायबोसोम असतो, आणि तो जीवाणूच्या रायबोसोमच्या नात्यातला. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशींत हे औषध शिरते आणि बराच काळ मुक्काम करते. तोल सांभाळणाऱ्या पेशी आधी जातात, ऐकण्याच्या त्यामागून. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. उजेडात डोळे तोलाची उणीव भरून काढतात. अंधारात ते जमत नाही. काही घराण्यांत हा धोका आईकडून मुलांत उतरतो, हे १९९३ साली कळले. काकांना हे सांगायला मी गेलो तेव्हा मला पाटीवर लिहून दाखवावे लागले. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे आईकडचं निघालं होय!"

मद्रासमध्ये १९५६ पासून एक पाहणी झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या गरीब घरीच, आणि दोघांना वर्षभर 'पास' व नव्याने आलेले आयसोनियाझिड दिले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना रोग अधिक लागला नाही. १९५९ चा हा अहवाल जगभरच्या आरोग्यधामांना टाळे लावणारा ठरला. काकांचे चौदा महिने आणि आमच्या अंगणातला शुकशुकाट याच्या आधीचा.

पुढे रिफाम्पिसिन आले, लघवी नारिंगी करणारे; इथॅम्ब्युटॉल आले, ते क्वचित नजरेवर परिणाम करते; आयसोनियाझिडने पायांना मुंग्या येतात म्हणून त्यासोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. क्षयाच्या नेहमीच्या उपचारातून स्ट्रेप्टोमायसिन आता गेले आहे. सुई टोचायची गरजच उरली नाही.

काका ६६ वर्षे जगले. लग्नही झाले, थोड्या उशिरा. जुन्या घराच्या माजघरातून परसाकडे जाणाऱ्या बोळात, कमरेच्या जरा वर, चुन्याच्या भिंतीवर एक काळपट पट्टा उमटला होता. दर दिवाळीला आम्ही तो पांढरा करत असू आणि शिमग्यापर्यंत तो पुन्हा दिसू लागे.