आजीच्या लग्नाचं साल

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिच्या शेजारणीने शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत आपल्या पणजीचं नाव, वय आणि घरचा पत्ता शोधून काढला. भाचीने विचारलं, मावशी, आपल्या पणजीचं असं सापडेल का?

नाव सापडणार नाही. आपल्याकडे घरोघरी लिहून घेतलेली माहिती गुप्त असते, १९४८ च्या जनगणना कायद्यात तसं कलमच आहे. त्याआधीही मोजणी झाली की चिठ्ठ्या नष्ट करत. उरले ते छापील तक्ते. तेवढ्यावरून काय कळणार, असं वाटेल. पण मी बी.कॉम. झालेली बाई, तक्ता दिसला की रकाने वाचल्याशिवाय मला राहवत नाही.

जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अहवाल फुकट वाचता येतात. आमचं माहेर वाळवा तालुक्यात. सांगली म्हणून शोधत बसू नका, १९४९ पर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यात होता.

आता आजीचं बघा. जन्माचा दाखला नाही, पत्रिका नाही. घरात एवढंच सांगत, "लग्नात नऊ-दहा वर्षांची होती, शारदा कायदा यायच्या आत उरकलं." हा कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय १४, मुलाचं १८. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची नुसती झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३१ मध्ये जनगणना झाली, आणि १५ वर्षांखालच्या विवाहित मुली दहा वर्षांत सुमारे ८५ लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या वर गेलेल्या दिसल्या. मुलींना वाचवायला केलेल्या कायद्यानेच त्यांची घाई केली!

आपल्यात चातुर्मासात लग्न होत नाही. म्हणजे आजीचं लग्न कार्तिक ते फाल्गुन, १९२९-३० च्या हंगामातलं. जन्म १९२० च्या आसपासचा. मोजणीच्या वेळी ती 'विवाहित, १० ते १५' या रकान्यात असणार.

त्याच तक्त्यात शेजारी विधवांचा रकाना आहे. तोही वयवार, अगदी पाच वर्षांखालच्या मुलींपासून सुरू होतो. पाळण्यातल्या पोरीला विधवा लिहायचं म्हणजे मोजणाऱ्याचा हात कसा चालला असेल? आजीची एक आत्या अशीच लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आली होती. आमच्या लहानपणी तिला सगळे नुसतं 'आक्का' म्हणत. पहाटे उठून बसदीत जायची, सोवळ्यात स्वयंपाक करायची, सगळ्यांची पोरं सांभाळायची. तिचं खरं नाव काय, हे मी आईला, मामांना, चुलत मावशीला विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. तक्त्यात ती एक आकडा आहे आणि घरात एक हाक. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आपल्या भागात घराण्याची वंशावळ हेळवी सांगतात. आमच्या घराच्या पानावर मुलगे ओळीने लिहिलेले, लेकीसुना मात्र नाहीतच. मागच्या दिवाळीनंतर आमचा हेळवी आला तेव्हा मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, आता बायकांची नावं लिहायची. तो जरा हसला, पण लिहायला तयार झाला. आजीचं नाव घातलं, जन्म १९२० अंदाजे, लग्न १९२९-३०. खाली आक्काची ओळ घातली. त्याने विचारलं, "नाव?"

जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. मिरजेकडे आक्काच्या सासरचे लोक अजून आहेत म्हणतात. पर्युषणानंतर जाऊन विचारणार आहे.