कुलूप लागलेली नदी

बेल्जममधील अँटवर्प शहराच्या चौकात ब्राबो नावाच्या वीराचा पुतळा आहे. शेल्ट नदीकाठचा एक राक्षस जकात न देणाऱ्या नावाड्याचे हात तोडी; ब्राबोने त्याचाच हात तोडून नदीत भिरकावला, अशी दंतकथा आहे. कथा काल्पनिक खरी. परंतु या बंदराचे नशीब खरोखरच नदीवरच्या अडवणुकीशी बांधलेले होते.

अँटवर्प समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत वसले आहे. १५०१ साली मिरी-मसाल्याचे पहिले पोर्तुगीज गलबत येथे लागले. मलबारची मिरी लिस्बनहून इकडे का यावी? तिच्या मोबदल्यात हिंदुस्थानात द्यावयाचे तांबे आणि चांदी जर्मन सावकारांपाशी होती, आणि त्यांच्या पेढ्या अँटवर्पला होत्या! १५३१ साली येथे व्यापाऱ्यांसाठी प्रशस्त इमारत उभी राहिली. लंडनचे रॉयल एक्स्चेंज पुढे तिच्याच धर्तीवर बांधले गेले. लोकवस्ती लाखाच्या घरात गेली.

मग स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पेटले. १५७६ साली पगार थकल्याने बिथरलेल्या स्पॅनिश शिपायांनी शहर लुटले, हजारो माणसे कापली. १५८५ साली दीर्घ वेढ्यानंतर शहर स्पेनने जिंकले. प्रॉटेस्टंटांना निघून जाण्यास चार वर्षांची मुदत मिळाली. व्यापारी, विणकर, कारागीर गेले. १५८९ पर्यंत वस्ती सुमारे ४२,००० वर आली. अनेकांनी ॲमस्टरडॅम गाठले आणि त्या शहराचे भाग्य उजळले.

नदीचे मुख मात्र डचांच्या ताब्यात होते. त्यांनी ते अडविले आणि १६४८ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने हे कुलूप तोडण्यासाठी जहाज धाडले. डचांचा एक गोळा जहाजावरच्या रश्शाच्या हंड्याला लागला आणि जहाज शरण आले! इतिहासात हे ‘हंड्याचे युद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे.

अखेर १७९५ साली फ्रेंचांनी नदी मोकळी केली. नेपोलियनने गोद्या बांधल्या. परंतु बेल्जम स्वतंत्र झाल्यावर १८३९ च्या तहाने डचांना पुन्हा जकात मिळाली. १८६३ साली बेल्जमने इतर राष्ट्रांच्या साहाय्याने एकरकमी मोबदला देऊन ती कायमची उठविली. राक्षसाचा हात या वेळी तलवारीने नव्हे, पैशाने दूर झाला.

त्यानंतर बंदर झपाट्याने वाढले. २०२२ साली झेब्रुग बंदर त्यात सामील झाले. युरोपात रॉटरडॅमखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. अँटवर्पच्या जहाजांची समुद्राकडची वाट आजही डच हद्दीतून जाते. फरक इतकाच, की आता ती कोणी अडवीत नाही.