निशाणी पाच : तात्पुरत्या मनाई हुकमाचा इतिहास

महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयात जमिनीचा दावा दाखल झाला की त्याच्यासोबत बहुधा आणखी एक अर्ज येतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने आपल्या वहिवाटीस हरकत करू नये, एवढेच वादीचे मागणे असते. कोर्टाच्या भाषेत हा ‘निशाणी 5’चा अर्ज. कायद्याचे रीतसर शिक्षण नसताना मी गेली काही वर्षे जुने अधिनियम आणि निकालपत्रे वाचत आलो, ते एका प्रश्नापायी : तात्पुरता म्हणून दिलेला हुकूम जमिनीच्या बाबतीत वर्षानुवर्षे का टिकतो?

1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मनाई हुकमाची तरतूद होती. वादातील मालमत्तेची नासधूस, नुकसान किंवा विक्री होऊ नये, हा तिचा हेतू. दावा चालू असताना जमीन कसायची कोणी, हा प्रश्न तिने थेट हाताळला नव्हता. मुंबई इलाख्यात त्यासाठी मामलेदार कोर्टाचे वेगळे दार होते. 1906 च्या मामलेदार कोर्ट अधिनियमाप्रमाणे कब्जा गेल्यापासून सहा महिन्यांत तक्रार करावी लागे. मामलेदार मालकी ठरवीत नसे; कब्जा कोणाचा होता एवढेच पाही. त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा होईपर्यंत टिके.

1908 च्या संहितेत मनाई हुकूम आदेश 39 मध्ये आला. वादीला कब्ज्यातून काढण्याची धमकी हे कारण मात्र त्याच्या पहिल्या नियमात 1976 च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत घातले गेले. याच दुरुस्तीने लगामही घातला. समोरच्याला नोटीस न देता हुकूम द्यायचा तर कारणे नोंदवावीत आणि 30 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. एकतर्फी हुकूम लांबतो, हे विधिमंडळाला ठाऊक होते, असाच याचा अर्थ.

लांबल्याने काय बिघडते? हंगाम थांबत नाही. ज्याच्या बाजूने हुकूम, तो पेरतो आणि कापतो. पीकपाहणीत त्याचे नाव लागते आणि सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे जमीन महसूल संहितेचे कलम 157 सांगते. अंतरिम हुकमाने मालकी सिद्ध होत नाही हे खरे. पण त्याच्या छायेखाली वहिवाटीचा पुरावा साचत जातो.

या दुखण्यावर महाराष्ट्राने स्वतःचा एक उपाय केला होता. सरकारविरुद्ध दाव्यापूर्वी कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. मुंबईत ती न देताच दावा लावायचा, अंतरिम मनाई मिळवायची आणि मग नव्याने दावा आणण्याची मुभा घेऊन पहिला मागे घ्यायचा, अशी वाट पडली होती. ती बंद करण्यासाठी 1970 मध्ये कलम 9-अ आले आणि 1977 मध्ये ते पुन्हा घालण्यात आले. अंतरिम अर्जाच्या सुनावणीत अधिकारक्षेत्राची हरकत आली तर आधी तिचा निर्णय करावा, असा त्याचा आशय. मात्र तो होईपर्यंत अंतरिम संरक्षण देण्याची मुभा त्याच कलमात होती. हळूहळू त्या प्राथमिक मुद्द्यावरच साक्षीपुरावे, अपिले होऊ लागली आणि मूळ दावा मागे पडला. विलंब टाळण्यासाठी आणलेले कलम विलंबाचे साधन झाले. अखेर 2018 मध्ये राज्याने ते वगळले.

मला या इतिहासात एक सातत्य दिसते. प्रत्येक दुरुस्तीने हुकूम कसा द्यावा, याचाच विचार केला. दावा वेळेत संपला नाही तर तात्पुरत्याला अर्थच उरत नाही, हा मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. हुकूम देताना न्यायालय तीन कसोट्या लावते : प्रथमदर्शनी बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान. तिसरी कसोटी सुरुवातीला लावली जाते ती अर्जदारासाठी. पुढे हुकूम अपुऱ्या कारणांवर मिळवला होता असे ठरले, तर समोरच्याला कलम 95 खाली भरपाई मागता येते. 1908 मध्ये तिची कमाल मर्यादा 1000 रुपये होती. 1999 च्या दुरुस्तीने ती 50,000 झाली. हुकूम दहा महिने टिकला काय किंवा दहा वर्षे, या कलमाखालची मर्यादा तीच.