सही कुठे करू?

बावीस वर्षे बँकेत काढल्यावर माझ्या हाती एकच सिद्धान्त लागला आहे : माणूस कागद वाचत नाही, फक्त ‘सही कुठे करू?’ एवढेच विचारतो. हा सिद्धान्त गाण्यांनाही लागू आहे, हे ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गवयामुळे कळले.

त्याचा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हा अल्बम ४ जून १९८४ रोजी निघाला. मुखपृष्ठावर झेंड्याचे पट्टे आणि त्यांपुढे जीन्स घातलेली गवयाची पाठ. अल्बममधली सात गाणी तिकडच्या पहिल्या दहांत गेली. शीर्षकगीताचे ध्रुवपद म्हणजे ढोल बडवून जन्मस्थळाची घोषणा! लोक मुठी उंचावून ओरडले. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यावर मीही नाचलो आहे, झेंडावंदन समजून. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परतलेला आणि रिफायनरीच्या दारातून रिकाम्या हाताने माघारी फिरलेला कामगार उभा होता. पण कडवी पडली बारीक टायपातली!

त्यात निवडणुकीची धामधूम. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष रेगन साहेब न्यू जर्सीतल्या हॅमन्टन गावी आले आणि याच राज्याच्या या सुपुत्राच्या गाण्यांत आशेचा संदेश असल्याचे सांगून गेले. काही दिवसांतच पिट्सबर्गच्या मैफलीत स्प्रिंगस्टीन म्हणाला, साहेबांचा आवडता अल्बम कोणता असेल बुवा? ‘नेब्रास्का’ काही नसावा. आणि त्याने त्यातलेच ‘जॉनी ९९’ सुरू केले. कारखाना बंद पडून बेकार झालेल्या, कर्जात बुडालेल्या खुन्याचे ते गाणे. त्याच्या घरावर डोळा बँकेचा आणि त्याच्या हातून मरतो तो रात्रपाळीचा क्लार्क. म्हणजे दोन्हीकडून आम्ही नातेवाईकच!

‘नेब्रास्का’ १९८२चा, घरातच साध्या कॅसेटवर मुद्रित केलेला. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणेही आधी त्याच सुमारास, त्याच घरात, नुसत्या गिटारीवर उदासपणे गायलेले. तसेच बाहेर आले असते तर कुणाचा गैरसमज झाला नसता. पण इतक्यांनी ते ऐकलेही नसते. ढोलाने गाणे घरोघर पोचवले आणि त्यातला माणूस दारातच राहिला.

परवा एका आजोबांनी पुतण्याच्या कर्जाला जामीन राहताना विचारले, “साहेब, सही कुठे करू?”

म्हटले, “बसा आजोबा, आधी कडवी वाचून दाखवतो.”

मागे रांगेने लगेच ध्रुवपद धरले : “अहो, आवरा लवकर!”