क्लिनोस्टॅट: वजनहीनतेचा एम्युलेटर

क्लिनोस्टॅट म्हणजे काय?
अ‍ॅप बनवताना मी ते आधी एम्युलेटरवर चालवून बघतो, मगच खऱ्या फोनवर टाकतो. क्लिनोस्टॅट हा वजनहीनतेचा एम्युलेटरच. तो नमुना हळूहळू फिरवत राहतो. गुरुत्वाकर्षण नाहीसं होत नाही, पण दिशा सतत बदलल्याने जीवाला 'खाली' कुठे ते उमगत नाही.

प्रयोग कुणावर?
सी. एलिगन्स हा साधारण १ मिलिमीटरचा पारदर्शक कृमी. त्याचं आतडं फक्त २० पेशींचं, त्यामुळे आतले बदल थेट दिसतात. फळमाशीही वापरतात. गगनयानासाठी माश्यांचं किट आपल्या सोलापूरहून विजापूरमार्गे गाठता येणाऱ्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाने बनवलंय. तिथे विषय मात्र मूतखड्याचा आहे.

भरवसा किती?
साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू. फिरत्या भांड्यात वाढवलेला साल्मोनेला उंदरांना जास्त घातक ठरल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये तो अटलांटिस यानातून अंतराळात नेला, तेव्हाही तसंच निघालं. डॉक्टरपासून लांब असलेल्या अंतराळवीरासाठी ही गंभीर बाब आहे. पण दर वेळी दोन्ही निकाल जुळतीलच असं नाही. म्हणून अशी बातमी वाचताना आधी बघा: प्रयोग यंत्रात झाला की अंतराळात?