एबी रक्तगट कुणाच्या कामाचा? प्लाझ्मा म्हटलं तर सगळ्यांच्याच!

गावात रक्तदान शिबिर लागलं की एबी गटाचे काही जण मागं सरकतात. "आपलं रक्त फक्त एबीलाच चालतं, देऊन काय उपयोग?" असं म्हणतात. तांबड्या पेशींपुरतं ते खरं आहे. प्लाझ्माचं गणित मात्र बरोबर उलटं आहे.

प्लाझ्मा म्हणजे काय?
रक्तातल्या पेशी बाजूला केल्या की जे पिवळसर पाणी उरतं, तो प्लाझ्मा. रक्तात तो साधारण ५५ टक्के असतो. रक्त गोठवणारे घटक त्यातच असतात. बाळंतपणात किंवा अपघातात खूप रक्त गेलं, लिव्हरच्या आजारात रक्त थांबेना, तर डॉक्टर प्लाझ्मा देतात. नुसत्या अशक्तपणासाठी तो नसतो.

गणित उलटं कसं?
ए गटाच्या प्लाझ्मात बी पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी असतात, बी गटात ए विरुद्धच्या, तर ओ गटात दोन्ही. एबीमध्ये यातली एकही नसते. म्हणून एबीचा प्लाझ्मा कुठल्याही गटाच्या पेशंटला चालतो आणि ओचा फक्त ओलाच. चुकीच्या गटाचा प्लाझ्मा गेला तर पेशंटच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

तयार कसा करतात?
डेअरीतल्या सेपरेटरसारख्या यंत्रात रक्ताची पिशवी वेगानं फिरवतात. जड पेशी खाली बसतात, प्लाझ्मा वर येतो. रक्त घेतल्यापासून ६ ते ८ तासांत तो वेगळा करून गोठवतात. उणे ३० अंशांखाली तो वर्षभर टिकतो. एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरियाची तपासणी झाल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही. देताना ३७ अंशांच्या आसपास वितळवतात.

एबी गटाची माणसं थोडीच, म्हणून दुसरा मार्गही निघालाय. ए, बी आणि एबीचा प्लाझ्मा ठराविक प्रमाणात मिसळला की अँटीबॉडींचा जोर मोडतो. फ्रान्सच्या लष्कराकडं असा मिसळलेला प्लाझ्मा वाळवून पावडर करतात. पाणी घालून काही मिनिटांत तो कुठल्याही गटाच्या जखमीला देता येतो.

तुम्ही काय कराल?
एबी असाल तर मागं सरकू नका. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल तर पुरुषांना ३ आणि महिलांना ४ महिन्यांनी रक्त देता येतं. रक्ताचे घटक वेगळे करण्याची सोय असलेल्या रक्तपेढीतच द्या. नाहीतर तुमचा प्लाझ्मा वेगळा निघणारच नाही.